पाईकला विचारलं कुणी?

‘स्टार ट्रेक’ ही तशी आपल्या आजोबांच्या काळातली मालिका. तिचा ‘द मेनॅजरी’ हा १९६६ सालचा दोन भागांचा एपिसोड परीक्षा संपल्यावर पाहिला, आणि माझं एका गोष्टीवर सगळ्यांशी भांडण झालं.

टॅलोस-४ ग्रहावरचे मोठ्या डोक्यांचे रहिवासी समोरच्याच्या मनात हवा तो भास उभा करतात. अपघातातून वाचलेल्या माणसांचा खोटा तळ दाखवून ते कॅप्टन पाईकला खाली बोलावतात आणि पिंजऱ्यात कोंडतात. (नाव पाईक असलं तरी गडी कुणाचा पाईक व्हायला तयार नाही!) त्या तळावरची व्हिना तेवढी खरी, पण रूप खोटं. तिचं मोडलेलं शरीर त्यांनी जोडलं होतं, पण माणूस दिसतो कसा हेच त्यांना ठाऊक नव्हतं. हे ऐकून मी लॅपटॉप थोडा वेळ बंदच केला.

पाईक तेव्हा सुटतो. पुढे कित्येक वर्षांनी अपघातात त्याचं सगळं शरीर लुळं पडतं. उरतो एक दिवा: एकदा लागला की ‘हो’, दोनदा लागला की ‘नाही’. मग स्पॉक खोटे आदेश तयार करून अख्खं जहाज पळवतो आणि त्याला त्याच ग्रहावर नेतो, निदान भासात तरी हिंडता-फिरता येईल म्हणून. तिथे जाण्याला मृत्युदंड असताना!

सगळे म्हणतात, काय ही मैत्री. मला ती फसवणूकच वाटते. स्पॉक बेत सांगतो तेव्हा दिवा ‘नाही, नाही’च म्हणत असतो. मैत्रीण म्हणाली, तो नकार स्पॉकच्या जिवाच्या काळजीपोटी होता. असेल. पण ‘तुला हेच हवंय ना?’ हे कर्क विचारतो केव्हा? ग्रहाच्या दारात पोचल्यावर.

आमच्या आज्जीला आम्ही खानापूरकडच्या गावाहून बेळगावात आणलं ते ‘चार दिवस’ म्हणून. ती आधी नको म्हणाली होती. इथे आल्यावर बाबांनी विचारलं, “राहशील ना आमच्याकडे?” ती “बरं” म्हणाली. घराचा व्यवहार तोवर झाला होता.

जुन्या घराची किल्ली अजून तिच्या बटव्यात असते. कुलूप बदललंय हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मीसुद्धा नाही.