गुण कोणी दिले?

मंडळाच्या गेल्या बैठकीत एका उत्साही सभासदांनी सूचना मांडली की, मुलांच्या मराठी निबंधस्पर्धेच्या उत्तरपत्रिका यापुढे बुद्धिमान संगणकप्रणालीकडून तपासून घ्याव्यात; परीक्षक मिळत नाहीत. अनेकांच्या माना डोलल्या. आमची डोलली नाही, म्हणून हे लिहिणे.

आम्ही यंत्रद्वेष्टे नव्हे. दिल्लीत 'माइंडस्पार्क' या प्रणालीची अर्थशास्त्रज्ञांनी केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. सोडतीत ज्यांना प्रवेश मिळाला ती मुले साडेचार महिन्यांत गणितात व हिंदीत इतरांच्या स्पष्टपणे पुढे गेली. मूल कोणत्याही इयत्तेत असो, त्याला जिथपर्यंत येते तिथूनच ही प्रणाली प्रश्न देत असे. भरल्या वर्गात शिक्षकाला हे साधत नाही. असा सराव यंत्राने खुशाल करून घ्यावा. (तेथेही लहान गटांना शिकवण्यास माणूस होताच, हे आपले उत्साही मित्र सांगावयास विसरतात.)

परंतु निबंध म्हणजे भागाकार नव्हे. अमेरिकेत एलिस पेज यांनी १९६६ सालीच संगणकाकडून निबंध तपासण्याचा पुरस्कार केला. त्यांची प्रणाली निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, स्वल्पविराम अशा बाह्य खुणा मोजून गुण देई. पुढे २०१४ साली एम.आय.टी.चे लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने एक प्रणाली रचली. दोन-तीन शब्द दिले की ती भारदस्त, पण सर्वस्वी निरर्थक निबंध लिही. आणि तपासणी-यंत्रे त्याला उत्तम गुण देत! एका यंत्राने बरळावे, दुसऱ्याने पाठ थोपटावी. आजच्या प्रणाली अधिक चतुर आहेत, हे मान्य. तरी त्यांचे शिक्षण ज्या मजकुरावर झाले, त्यात आपल्या इंदूरच्या घरातली मराठी कितीशी असणार?

आपले मूल लिहिते, 'आजी पोळ्या करून राहिली होती.' परीक्षकही येथे लाल रेघ ओढील, कदाचित. पण हे वाक्य कोणत्या स्वयंपाकघरातून आले ते त्याला ठाऊक असते, आणि रेघ ओढूनही तो त्या आजीसाठी दोन गुण अधिक देतो.

आमची हयात सरकारी फायलींत गेली. तेथे एक नियम पक्का शिकलो: कोणाच्या हक्काला बाध आणणारा आदेश सकारण हवा, त्याखाली सही हवी आणि त्यावर अपिलाची सोय हवी. यंत्राने दिलेल्या गुणांखाली सही कोणाची? इंग्लंडमध्ये २०२० साली साथीमुळे परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा शाळेचे मागील निकाल जमेस धरून सूत्राने श्रेणी ठरवल्या. शिक्षकांनी सुचविलेल्या सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्या. हुशार विद्यार्थ्याला शाळेच्या जुन्या निकालांची शिक्षा! मुले रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला तो निर्णय मागे घ्यावा लागला. ते सूत्र 'बुद्धिमान' नव्हते, असे कोणी म्हणेल. मग बुद्धिमान यंत्राला तरी मुलाने 'माझे गुण का कापले?' असे विचारले, तर ते कारण रचून देईल. जबाबदारी मात्र कोणाचीच नसेल.

राहता राहिला परीक्षकांचा दुष्काळ. तीन पिढ्या येथे नांदलेल्या आपल्या घरांत निवृत्त, चष्मा लावून वर्तमानपत्र दोनदा वाचणारी माणसे थोडी का आहेत? येत्या स्पर्धेच्या वीस उत्तरपत्रिका चिटणीसांनी आमच्याकडे पाठवाव्यात. आठ दिवसांत, शेऱ्यासह आणि सहीसह, परत करू.