आवाजाचा दर्जा आणि उस्तादांची नावं

घरी गाणी ऐकायला कोणतं ॲप घ्यावं, पैसे भरावेत की फुकटात भागवावं, हा प्रश्न आता मध्यमवर्गीय घरांत नेहमी निघतो. त्यावर लगेच आकड्यांची चर्चा सुरू होते. अमुक सेवा ३२० देते, तमुक सेवा ‘लॉसलेस’ देते. माझ्या मते या चर्चेत आपण दर्जा फार अरुंद अर्थाने घेतो. आवाज किती स्वच्छ आहे, हा दर्जाचा एक भाग झाला. गाणं अखंड ऐकू येतं का, आणि ते कोणाचं आहे हे ऐकणाऱ्याला कळतं का, हे बाकीचे दोन भाग आपण हिशेबातच धरत नाही.

आधी आकडे पाहू. सीडीवरचा आवाज सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट जागा घेतो. स्ट्रीमिंगमध्ये तो दाबून लहान करतात आणि कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग गाळतात. यूट्यूब म्युझिक २५६ पर्यंत जातं, स्पॉटिफाय बरीच वर्षं ३२० वर होतं. ॲपल म्युझिकने २०२१ साली वेगळे पैसे न आकारता लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेला आवाज द्यायला सुरुवात केली. स्पॉटिफायनेही २०२५ साली तो आणला.

पण तो आवाज तुमच्या कानापर्यंत येतो कशातून? बहुतेक घरांत ब्लूटूथ स्पीकर असतो. साधं ब्लूटूथ सेकंदाला ३२८ किलोबिटच्या आसपास थांबतं, एलडॅकसारखी चांगली पद्धत वापरली तरी ९९० च्या पुढे जात नाही. म्हणजे अशा ब्लूटूथवर खरा लॉसलेस सहसा पोहोचत नाही, तो पुन्हा दाबला जातो. टँकरभर पाणी मागवायचं आणि पाइप अर्ध्या इंचाचा जोडायचा, तसा हा प्रकार. ज्याच्या घरी वायरने जोडलेला स्पीकर किंवा हेडफोन नाही, त्याने लॉसलेससाठी जादा पैसे मोजू नयेत. शंका असेल तर घरीच परीक्षा घ्या. एकाने त्याच गाण्याच्या दोन प्रती, एक ३२० ची आणि एक लॉसलेस, सारख्याच आवाजात उलटसुलट क्रमाने दहादा लावाव्यात आणि दुसऱ्याने डोळे मिटून ओळखाव्यात. दहापैकी पाच-सहाच बरोबर आल्या तर तो अंदाज समजावा.

याचा अर्थ आवाजाची फिकीर करू नये असा नाही. तानपुरा ऐकून पाहा. मिरजेतल्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रांची कामं सोडून सतार-तानपुरे घडवायला घेतले, त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. या कारागिरांचं सारं कसब जवारीत असतं. घोडीचा माथा घासून, तारेखाली दोरा सरकवून ते एका तारेतून स्वरांचा झोत उभा करतात. मोबाइलच्या स्पीकरमधून शे-दीडशे हर्ट्झखालचं जवळपास काहीच निघत नाही. तिथे खर्जाच्या तारेची मूळ धून हरवते आणि तानपुऱ्याची नुसती भुणभुण उरते. हे नुकसान स्पीकरचं आहे, ॲप बदलून ते भरून येत नाही. म्हणून हातात थोडे पैसे असतील तर आधी जुना पण चांगला ॲम्प्लिफायर आणि वायरचे दोन स्पीकर शोधावेत. फरशीच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, तिथे सतरंजी आणि जाड पडदा लावावा.

दुसरा भाग अखंडतेचा. विलंबित ख्याल अर्ध्या तासाचा असतो. फुकटच्या सेवेत मध्येच किंवा संपता संपता जाहिरात ओरडते आणि राग विस्कटतो. ज्या घरांत संगीत वर्ज्य मानतात तिथेही हा त्रास आहेच. तिलावत म्हणजे संगीत नव्हे, पण ती ऐकायचं साधन तेच. कारी अब्दुल बासित यांचा तो लांब श्वास, आयतींमधली ती शांतता, आणि त्यावर एकदम साबणाची किंवा कर्जाची जाहिरात. पैसे भरायचेच असतील तर मी या कारणासाठी भरीन, आकड्यासाठी नाही.

तिसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो नावांचा. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गायलं तेव्हा त्यांनी तबकडीच्या शेवटी आपलं नाव मोठ्याने उच्चारलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तिथल्या माणसांना गायक कोण ते कळावं म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. आज पडद्यावर हवं तेवढं लिहायला जागा आहे, तरी सारंगीवर कोण, तबल्यावर कोण, हे बहुतेक वेळा दिसत नाही. सारंगी आणि तबल्याची परंपरा मोठ्या प्रमाणावर मुस्लिम घराण्यांनी सांभाळली. एलपीच्या पाठीवर छापलेली त्यांची नावं ॲपवर येताना गळतात. जी उरतात त्यांची स्पेलिंगं तीन तऱ्हेची, त्यामुळे एकाच उस्तादाची गाणी तीन ठिकाणी विखुरलेली.

उस्ताद अब्दुल करीम खाँ कैरान्याहून आले आणि मिरजेचे झाले. १९३७ साली त्यांचं निधन झालं, ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांची झिंझोटीतली ठुमरी एका दुकानात तबकडीवर ऐकून लहानगे भीमसेन जोशी गाणं शिकायला घर सोडून निघाले. ती तबकडी जेमतेम तीन मिनिटांची, खरखरीत, आजच्या कोणत्याही फुकट ॲपपेक्षा निकृष्ट आवाजाची. तरी त्या मुलाला आवाज कोणाचा ते कळलं, आणि पुढे ते याच खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी शिकले. आज तीच ठुमरी ‘रिलॅक्सिंग इंडियन क्लासिकल’ अशा यादीत पाठोपाठच्या दहा गाण्यांमध्ये वाजून जाते. ती ऐकून कोणाला शिकावंसं वाटलं तरी कोणाकडे जायचं हे त्याला कळणार नाही.

शिवाय स्ट्रीमिंगवरचं गाणं आपल्या मालकीचं नसतं. २०२३ साली परवान्याचा करार न झाल्याने झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून काही काळ गेली. २०२४ मध्ये एअरटेलने विंक म्युझिक बंद करायचं ठरवलं. आपल्याकडे जुन्या कव्वालीच्या कॅसेट, उरुसातल्या मैफलींची रेकॉर्डिंगं अजून कपाटात आहेत. ॲपवर सगळं मिळतं म्हणून ती भंगारात देऊ नका. त्या संगणकात उतरवून घ्या आणि फाइलच्या नावात गायक, साथीदार, ठिकाण आणि साल मराठीत किंवा उर्दूत लिहा. घरातल्या बुजुर्गांना विचारून ही माहिती आताच टिपून ठेवली पाहिजे, कारण ती दुसरीकडे कुठे नोंदलेली नाही.