घरचा अंगरखा
संभाजीराजांवरचा ‘छावा’ चित्रपट २०२५च्या फेब्रुवारीत आला. आता करमाडसारख्या गावातल्या एखाद्या पोराला स्नेहसंमेलनात शंभूराजे व्हायचं असेल, तर भाड्याचा चकचकीत पोशाख कशाला? घरातली जुनी काठपदराची साडी काढा. काठ गळ्याला आणि घेराला लावा, आतून सुती अस्तर द्या; जरीचा काठ टोचू लागला की मूल संवाद विसरतं. बटणं नकोत, अंगरख्याला बंदच शोभतात. शिवणीत दोन बोटं माया सोडा, पुढच्या वर्षी उसवून वाढवता येईल. आणि साध्या कपड्याला कमी लेखू नका: कोल्हापूरच्या भानू अथय्यांना जॉन मोलो यांच्यासोबत १९८३ साली ऑस्कर मिळालं ते ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी, आणि त्या चित्रपटाच्या नायकाच्या अंगावर साधा पंचा होता. या डिसेंबरात मशीनवरची धूळ झटका, आणि काठ कुठे लावायचा ते मुलालाच ठरवू द्या.