'पांढरा शुक्रवार' : ना शुक्रवार, ना निसर्गाचा कोप

१/ १३ डिसेंबर १९१६. पहिले महायुद्ध, आल्प्सची आघाडी. मार्मोलाडा पर्वतावरील ग्रान पोझ येथे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बराकींवर पहाटे हिमस्खलन कोसळले. सुमारे २७० सैनिक मृत्युमुखी पडले. ही घटना 'पांढरा शुक्रवार' म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी बुधवार होता.

२/ वाराची चूक किरकोळ वाटेल. परंतु ज्या कथेने पंचांगदेखील उघडून पाहिले नाही, तिच्या उरलेल्या दाव्यांवर डोळे मिटून विश्वास का ठेवावा?

३/ दावा पहिला : 'एका दिवसात दहा हजार बळी.' डिसेंबर १९१६ मध्ये आघाडीवर ठिकठिकाणी हिमस्खलने झाली आणि दोन्ही बाजूंचे सैनिक मोठ्या संख्येने दगावले, हे खरे. परंतु एका दिवसाच्या नावावर दहा हजार मृत्यू मांडण्याइतका भक्कम पुरावा नाही. आकडा फुगवल्याने मृतांचा सन्मान वाढत नाही.

४/ दावा दुसरा : 'शत्रूने तोफा डागून बर्फ पाडला.' उतारावर फुटलेल्या गोळ्याने हिमस्खलन सुरू होऊ शकते, यात शंका नाही. परंतु ग्रान पोझचा उलगडा करण्यासाठी तोफेची गरजच पडत नाही. हवामान पुरेसे आहे.

५/ डोंगरावरील बर्फ एकसंध नसतो, तो थरांनी रचला जातो. खाली एखादा ठिसूळ थर राहिला आणि वर नव्या बर्फाचे ओझे वाढत गेले, की एका क्षणी तो थर मोडतो व वरची संपूर्ण लादी घसरते. ३० ते ४५ अंशांचे उतार यासाठी सर्वाधिक घातक.

६/ त्या डिसेंबरात कित्येक दिवस प्रचंड हिमवृष्टी झाली. त्यापाठोपाठ तापमान चढले. ताजा बर्फ ओलावून जड झाला. आधीच ताणलेल्या उतारावर आणखी भार आला. उरला होता तो केवळ वेळेचा प्रश्न.

७/ मग बराकी तिथे का होत्या? कारण वरचे कडे इटालियन तोफांपासून आडोसा देत होते. गोळ्यांपासून सुरक्षित असलेली जागा बर्फाच्या थेट वाटेवर होती. नकाशावर एकच धोका मोजला गेला.

८/ आणि हे कोणालाच कळले नव्हते असेही नाही. तेथील तुकडीप्रमुख कॅप्टन रुडोल्फ श्मिड यांनी धोक्याची लेखी सूचना वरिष्ठांना दिली होती. तळ हलवण्याची परवानगी मिळाली नाही.

९/ आक्षेप येईल : हिमशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. मान्य. स्वित्झर्लंडमधील वाइसफ्लूयोख येथे पद्धतशीर हिमसंशोधन सुरू झाले ते १९३६ मध्ये. परंतु श्मिड यांना प्रयोगशाळा लागली नाही. उताराकडे पाहणे पुरले. उणीव ज्ञानाची नव्हती, ऐकून घेण्याची होती.

१०/ म्हणूनच 'निसर्गाचा कोप' हा शब्दप्रयोग निरुपद्रवी नाही. बर्फ पडणे हा निसर्ग. त्याखाली माणसे ठेवणे हा आदेश. कोप म्हटले की आदेश देणारा सुटतो. तोफेची दंतकथाही तेच करते. दोष शत्रूच्या गळ्यात पडतो.

११/ हा प्रश्न १९१६ मध्ये संपलेला नाही. एप्रिल २०१२ मध्ये सियाचीनजवळ गयारी येथील पाकिस्तानी तळ गाडला गेला. १४० जण गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवरील १० भारतीय जवान गेले. उंच पर्वतांत सैन्य उभे ठेवणे हा माणसांनीच घेतलेला निर्णय असतो आणि त्याची किंमत बर्फ वसूल करतो.

१२/ तेव्हा पुढच्या वेळी 'पांढरा मृत्यू' असे भारदस्त शीर्षक समोर आले, तर इतिहासाच्या अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत : जागा कोणी निवडली? इशारा कोणी दिला? तो कोणी नाकारला? त्यांची उत्तरे बर्फात नसतात, दप्तरात असतात.