गाडी उभी राहते तिथे वीज हवी

विजेच्या गाडीवरचा सर्वांत जुना आक्षेप एका वाक्यात मावतो. पेट्रोल पाच मिनिटांत भरून होतं, बॅटरीला पाऊण तास लागतो, तेव्हा अमेरिकेसारख्या अफाट देशात ही गाडी व्यवहार्य नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत, मराठी घरांत जेवणं आटोपल्यावर रंगणाऱ्या चर्चांत हा आक्षेप मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. तो घेणारी माणसं जाणती आहेत, बरीचशी स्वतः इंजिनियर आहेत, म्हणून त्याला आकड्यांनिशी उत्तर दिलं पाहिजे. माझं म्हणणं असं की अडचण खरी आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवलं जातं. ती अडचण बॅटरीत नाही, वीजकेंद्रात नाही, हायवेवरही फारशी नाही. ती भाड्याच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आहे.

आधी वेळेचा हिशेब करू. पेट्रोलसाठी पंपावर जावं लागतं, कारण पेट्रोल घरी येत नाही. वीज घरोघरी आलेलीच आहे. अमेरिकेतला सरासरी ड्रायव्हर वर्षाला सुमारे साडेतेरा हजार मैल गाडी चालवतो, म्हणजे दिवसाला ३७ मैल. विजेची गाडी एका युनिटमध्ये तीन ते चार मैल जाते, म्हणजे दिवसाची गरज दहा-बारा युनिटांची. भिंतीतल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटमधून १२ अँपिअर घेतले, तर ताशी जवळजवळ दीड युनिट मिळतं. रात्री नऊला लावलेली गाडी सकाळी सातला दिवसाची भरपाई करून उभी असते. आणि कपडे वाळवायच्या यंत्रासाठी २४० व्होल्टचं जे सॉकेट इथल्या बहुतेक घरांत असतं, तसंच एक गॅरेजमध्ये बसवलं, तर हेच काम दोन तासांत होतं. त्या दोन तासांत मालक झोपलेला असतो. चार्जिंगला लागणारा वेळ हा गाडीचा वेळ आहे, माणसाचा नाही, आणि गाडी तशीही दिवसातले बावीस-तेवीस तास उभीच असते.

घरी गाडी चार्ज करणं ही काही आजची टूम नाही. ज्याच्या नावाने एडिसन हे गाव ओळखलं जातं, त्या थॉमस एडिसनने वेस्ट ऑरेंजच्या आपल्या घरी १९०८ मध्ये काँक्रीटचं गॅरेज बांधलं आणि त्यात बॅटऱ्या चार्ज करण्याची सोय केली. त्याच काळात तो निकेल-लोखंडाच्या बॅटरीवर मेहनत घेत होता, विजेच्या गाड्यांसाठीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तयार होणाऱ्या गाड्यांमध्ये विजेच्या गाड्यांचा वाटा मोठा होता. पुढे स्वस्त पेट्रोल आलं, बटणावर सुरू होणारं इंजिन आलं आणि त्या मागे पडल्या. गॅरेजमधला प्लग त्यांच्या आड आला नव्हता.

यावर लांबच्या प्रवासाचा मुद्दा येतो. एडिसनहून पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिरात जायचं तर साडेतीनशे मैल होतात. आजच्या चांगल्या गाडीला वाटेत एकदा, फार तर दोनदा थांबावं लागेल, आणि दीडशे किलोवॉटच्या वरच्या चार्जरवर दर वेळी वीस ते तीस मिनिटं जातील. लहान मुलं आणि म्हातारे आईवडील बरोबर असतील तर तेवढा थांबा पेट्रोलच्या गाडीतही होतोच. पण इथे मी विरोधकांचं एक म्हणणं पूर्ण मान्य करतो. थांबल्यावर चार्जर चालू असेल याची खात्री देता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये बे एरियातले ६५७ सार्वजनिक जलद प्लग तपासले, तेव्हा जेमतेम ७२.५ टक्के चालू स्थितीत सापडले. तंत्रज्ञानाचा पाया असलेल्या प्रदेशात चारांतला एक प्लग निकामी असावा, ही शरमेची गोष्ट होती.

मात्र तो दोष तंत्राचा नव्हता, हे टेस्लाने दाखवून दिलं. तिचे जलद चार्जर २०१२ पासून उभे राहिले आणि भरवशाने चालले, कारण ते बंद पडले असते तर तिच्या गाड्याच खपल्या नसत्या. उलट चार्जर उभारणारी इलेक्ट्रिफाय अमेरिका ही कंपनी जन्मली फोक्सवॅगनच्या डिझेल घोटाळ्याच्या तडजोडीतून. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलर विजेच्या गाड्यांच्या सोयींवर खर्च करण्याचं बंधन फोक्सवॅगनवर आलं होतं. दंड म्हणून उभारलेल्या सोयीत आणि धंदा म्हणून उभारलेल्या सोयीत फरक पडतो. २०२३ मध्ये आधी फोर्डने आणि मग जनरल मोटर्सने टेस्लाचा प्लग स्वीकारला, तेव्हा या वादाचा निकाल बाजारानेच लावला.

थंडीचा आक्षेप जास्त गंभीर आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोच्या कडाक्यात चार्जरसमोर रांगा लागल्या, काही गाड्यांची बॅटरी रांगेतच संपली, आणि ती दृश्यं देशभर फिरली. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये मोजून दाखवलं होतं की २० अंश फॅरनहाइटला हीटर लावून चालवलं तर गाडीचा पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ८९ टक्के विजेच्या होत्या, आणि नॉर्वेतही कडाक्याची थंडी पडते. तिथल्या बहुसंख्य लोकांना गाडी घरीच लावता येते. प्लगला लावलेली गाडी निघण्याआधी भिंतीतल्या विजेवर बॅटरी आणि आतली हवा गरम करून घेते आणि पूर्ण भरलेली निघते. थंडीचा खरा फटका बसतो तो रात्रभर रस्त्यावर गारठून सकाळी सार्वजनिक चार्जर शोधणाऱ्याला, कारण गार बॅटरी जलद चार्ज होत नाही. शिकागोच्या त्या रांगांतून मी हाच धडा घेतो.

आता ग्रिडकडे वळू. ‘सगळ्यांनी विजेच्या गाड्या घेतल्या तर ग्रिड कोसळेल,’ असं म्हटलं जातं. अमेरिकेतल्या मोटारी आणि हलके ट्रक मिळून वर्षाला तीन लाख कोटी मैलांच्या आसपास धावतात. ते सगळे विजेवर आले तर साधारण एक लाख कोटी युनिटं लागतील. देशाची आजची वीजनिर्मिती सव्वाचार लाख कोटी युनिटांच्या घरात आहे, म्हणजे वाढ सुमारे चौथ्या हिश्शाची. ती मोठी आहे, पण एका रात्रीत येणार नाही. रस्त्यावर सुमारे २८ कोटी गाड्या आहेत, वर्षाला नव्या दीड-पावणेदोन कोटी विकल्या जातात, आणि त्यातही विजेच्या अजून थोड्याच. १९६० ते १९७० या एका दशकात याच देशाने वीजनिर्मिती दुप्पट केली होती. एअर कंडिशनर घरोघरी आले तेव्हा देश अंधारात गेला नाही, त्याने वीजकेंद्रं आणि तारा वाढवल्या.

शिवाय एकूण विजेपेक्षा ती कुठल्या वेळी लागते याला जास्त महत्त्व आहे. पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीने २००७ मध्येच हिशेब मांडला होता की रात्री आणि कमी मागणीच्या वेळी रिकामी राहणारी वीजकेंद्रं चालवली, तर देशातल्या ७३ टक्के हलक्या वाहनांची रोजची गरज भागेल. २५ ऑगस्ट २०२२ ला कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने २०३५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांची विक्री थांबवण्याचा नियम केला. आठवडाही उलटला नाही तोच ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने लोकांना विनंती केली, की दुपारी ४ ते रात्री ९ गाड्या चार्ज करू नका. टीकाकारांनी हा विरोधाभास खूप मिरवला. (त्या नियमाची केंद्रीय परवानगी २०२५ मध्ये काँग्रेसने काढून घेतली, तो वाद निराळा.) पण त्या विनंतीत ‘गाडी चार्ज करू नका’ नव्हतं, ‘या पाच तासांत करू नका’ होतं. ६ सप्टेंबरला मागणीने ५२ हजार मेगावॉटचा उच्चांक गाठला, तरी ग्रिडला भारनियमनाचा आदेश द्यावा लागला नाही. महाराष्ट्रात आठ-आठ तासांचं भारनियमन सोसलेल्या वाचकाला यातला फरक वेगळा सांगायला नको. फ्रीज असा थांबवता येत नाही, गाडी मात्र मध्यरात्रीपर्यंत थांबू शकते.

ग्रिडची खरी काळजी गल्लीच्या खांबावर आहे. चार-सहा घरांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर रात्री गार होईल असं धरून बसवलेला असतो. त्या सगळ्या घरांनी एकाच वेळी गाड्या लावल्या तर त्याला विश्रांती मिळणार नाही. हे काम वीज कंपन्यांना करावंच लागेल, आणि वेळेनुसार दर व पाळीपाळीने चार्जिंग या उपायांनी त्याचा बराच भार हलका होतो.

पेट्रोलची वाट निर्धोक आहे असं मानणाऱ्यांना न्यू जर्सीतल्या जुन्या रहिवाशांनी २०१२ ची आठवण करून द्यावी. सँडी वादळानंतर कितीतरी पंपांच्या टाक्यांत पेट्रोल होतं, पण ते उपसायला वीज नव्हती, आणि बारा काउंट्यांत सम-विषम नंबरांप्रमाणे पेट्रोल द्यायची पाळी आली. मे २०२१ मध्ये कलोनियल पाइपलाइनच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा आग्नेयेकडच्या राज्यांतले पंप कोरडे पडले.

इथवर खंडन झालं. आता घोडं कुठे पेंड खातं ते पाहू. न्यू जर्सीत घरच्या विजेचा दर युनिटला वीस सेंटच्या आसपास धरला, तर मैलाला सहा-सात सेंट पडतात. गॅलनला तीस मैल जाणारी पेट्रोलची गाडी तीन डॉलरच्या भावाने मैलाला दहा सेंट घेते. आणि रस्त्यावरच्या जलद चार्जरवर युनिटला पन्नास-साठ सेंट मोजले की विजेचा मैल सोळा-अठरा सेंटांवर जातो. म्हणजे ज्याचं स्वतःचं घर आणि गॅरेज आहे, त्याला वीज पेट्रोलपेक्षा स्वस्त, आणि जो भाड्याने राहतो, त्याला पेट्रोलपेक्षा महाग. अमेरिकेतली साधारण एक तृतीयांश कुटुंबं भाड्याने राहतात. एच-१बी वर आलेला तरुण मराठी इंजिनियर, पहिली काही वर्षं अपार्टमेंटमध्ये काढणारं जोडपं, दुकानात काम करणारी आई, सगळी यातच येतात. त्यांनी विजेची गाडी परवडत नाही म्हटलं तर ते शंभर टक्के खरं बोलत असतात.

आणि सरकारचा पैसा कुठे गेला? नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने हायवेवरच्या चार्जरसाठी पाच अब्ज डॉलर राखून ठेवले. दर ५० मैलांवर केंद्र, प्रत्येकात निदान चार जलद प्लग, अशी आखणी होती. पहिलं केंद्र ओहायोत सुरू व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सरकारने योजना रोखली, राज्यं कोर्टात गेली, आणि ऑगस्टमध्ये ती शिथिल अटींवर पुन्हा सुरू झाली. सप्टेंबरअखेर गाडीखरेदीवरची साडेसात हजार डॉलरची करसवलतही संपली. हायवेवर चार्जर हवेतच. पण माणूस लांबच्या प्रवासाला कधीतरी जातो आणि पार्किंगमध्ये रोज परततो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार झाला.

राज्यांचे कायदे थोडे शहाणे आहेत, पण अपुरे. कॅलिफोर्नियात २०१५ पासून भाडेकरूला स्वतःच्या खर्चाने चार्जर बसवून मागण्याचा हक्क आहे. दोन वर्षांत घर बदलणारा भाडेकरू हजारो डॉलरची पदरमोड करून दुसऱ्याच्या मालमत्तेत वायरिंग कशाला करील? न्यू जर्सीत २०२० च्या कायद्याने घरमालकांच्या असोसिएशनला सभासदाच्या राखीव जागेतला चार्जर सरसकट नाकारता येत नाही. २०२१ च्या कायद्याने पाच किंवा अधिक घरांच्या नव्या इमारतींत १५ टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवणं बंधनकारक केलं. जुन्या इमारतींचं काय, यावर तो गप्प आहे, आणि भाडेकरू राहतात ते मुख्यतः जुन्या इमारतींतच.

उपाय महागडा नाही. दर गाळ्यामागे पार्किंगमध्ये १२० व्होल्टचं एक सॉकेट किंवा २४० व्होल्टचं कमी अँपिअरचं एक, प्रत्येकाला मीटर, आणि सगळ्यांत वीज वाटून देणारं नियंत्रण. साडेतीनशे किलोवॉटचं झगमगीत केंद्र जितकी वीज मागतं, तेवढ्यात अशी दोनशेच्या वर साधी सॉकेटं एकाच वेळी चालतील, आणि तितकी कुटुंबं रोज सकाळी भरलेली गाडी घेऊन निघतील. इमारत बांधताना नळी टाकून ठेवली तर खर्च किरकोळ. नंतर काँक्रीट फोडायचं झालं की तोच अनेक पटींनी वाढतो. कॅलिफोर्नियात दुपारी सौरवीज इतकी होते की काही वेळा ती वाया घालवावी लागते, तिथे ऑफिसच्या पार्किंगमध्येही हीच सोय हवी.

हे काम वॉशिंग्टनची वाट न पाहता होऊ शकतं. एडिसन, इझेलिन, प्लेन्सबरोच्या टाउनहाउस वसाहतींच्या असोसिएशनांत मराठी माणसं आहेत, काही जण भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घरांचे मालकही आहेत. त्यांनी येत्या वार्षिक सभेत दर पार्किंगमागे एका सॉकेटचा ठराव मांडावा, इलेक्ट्रिशियनकडून अंदाजपत्रक मागवावं आणि वीज कंपनीच्या अनुदानाची चौकशी करावी. भाड्याने राहणाऱ्यांनी करार नवा करताना ही मागणी लेखी द्यावी, एकट्याने नव्हे, शेजारच्या चार जणांना बरोबर घेऊन.