व्हॅक्यूम क्लीनर घेताय? आधी झाडणाऱ्या माणसाला विचारा

पनवेलकराला धुळीबद्दल वेगळं सांगायला नको. सकाळी पुसलेल्या टीव्हीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. एका अंगाला एक्स्प्रेस वे, दुसऱ्या अंगाला कळंबोलीच्या लोखंड बाजारात ये-जा करणारे ट्रेलर, तिकडे तळोजाची एमआयडीसी, तालुक्यातल्या खडीच्या खाणी आणि उलव्याचा डोंगर फोडून उभा राहिलेला विमानतळ. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानंही उडू लागली. धूळ मात्र कुठेही उडून गेलेली नाही.

त्यामुळे दिवाळीची साफसफाई जवळ आली की ओळखीपाळखीत एक प्रश्न हमखास निघतो. "अरे, व्हॅक्यूम क्लीनर कुठला चांगला?"

हल्ली मी उलटा प्रश्न विचारतो. "तुमच्याकडे केर कोण काढतं?"

समोरचा चमकतो. "मावशी येतात ना. का?"

मग त्यांना विचारलंत का, कुठला हवा?

यावर लोक हसतात. आपण काहीतरी विनोद केला असं त्यांना वाटतं. मंडळी, मी विनोद करत नाही. आपल्या घरांमधले निम्मे-अधिक व्हॅक्यूम क्लीनर माळ्यावर का पडलेले असतात, याचं उत्तर माझ्या मते या हसण्यात आहे.

आधी माझीच कबुली देतो, म्हणजे उपदेश करायला मोकळा. काही वर्षांपूर्वी मी मोठ्या ऐटीत दुकानात जाऊन एक यंत्र घेऊन आलो. खोक्यावर ठळक अक्षरात वॅट लिहिलेले होते, तेवढे बघितले. बरोबर अकरा की बारा तोंडं होती, त्यातली नऊ कशाला असतात ते आजतागायत कळलेलं नाही. आठवडाभर मी स्वतः सोफ्यावर आणि गाद्यांवर ते फिरवलं, बायकोला काळी धूळ दाखवली, कौतुक करून घेतलं. मग उत्साह ओसरला आणि यंत्र मावशींच्या स्वाधीन झालं. मावशींनी दोन दिवस वापरलं, तिसऱ्या दिवशी फुलझाडू हातात. मला राग आला. "एवढं महागाचं यंत्र आणलंय आणि तुम्ही..." वगैरे.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "दादा, ते ओढत ओढत न्यायचं म्हणजे काम दुप्पट होतं. वायर पुरत नाही, दर खोलीत पिन काढा नि घाला. आणि मोडलं तर पैसे माझ्याच पगारातून जाणार ना?"

शेवटचं वाक्य मला अपेक्षित नव्हतं. मी "छे छे" म्हणालो खरा, पण हे आधी सांगायचं मला सुचलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

असो. आता वॅटबद्दल. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातं याचा आकडा. ते किती धूळ उचलतं याचा नव्हे. हे म्हणजे माणूस किती जेवतो यावरून तो किती काम करतो ते ठरवण्यासारखं झालं. युरोपीय महासंघाने सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर १६०० वॅटची मर्यादा घातली आणि सप्टेंबर २०१७ पासून ती ९०० वर आणली. तिथली घरं काही त्यामुळे धुळीने भरून गेली नाहीत. आपल्याकडे मात्र अजूनही १६००, १८००, २००० असे आकडे अभिमानाने मिरवले जातात, आणि आपणही भाजीवाल्याकडे जास्तीची कोथिंबीर मागावी तसे जास्तीचे वॅट मागतो.

आणि एवढी ताकद हवी कशाला? ती लागते जाड गालिच्यांसाठी. आपल्या घरात गालिचा असलाच तर दिवाणखान्यात एक, तोही पाहुणे येणार म्हणून झटकलेला. बाकी सगळी लादी. लादीवरची धूळ उचलायला बऱ्यापैकी हवेचा झोत आणि लादीला नीट टेकणारा मऊ ब्रशचा चपटा पाय पुरतो.

दुसरा आकडा पास्कलचा. "इतके हजार पास्कल सक्शन!" हा आकडा सहसा नळीचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो, म्हणजे हवा अजिबात वाहत नसताना. धूळ तर वाहत्या हवेबरोबर आत जाते. म्हणून ओढ आणि प्रवाह दोन्ही बघायला हवेत. नुसत्या ओढीने काचेचा तावदान उचलून दाखवता येतो, पण आपल्याला तावदान झाडायचा नाही.

आणि तो सुप्रसिद्ध प्रयोग! दारोदार जाऊन घरात यंत्र चालवून दाखवायची पद्धत भारतात रुजवली ती युरेका फोर्ब्सने, १९८२ पासून. आमच्या पिढीला टाय लावलेले ते विक्रेते आठवत असतील. पुढे सगळ्यांनीच तो प्रकार उचलला. गादीवर नळी फिरवायची, मध्ये एक फडकं लावायचं आणि त्यावर साचलेली राखाडी पूड घरच्या बाईला दाखवायची. बाई शरमून जाते आणि नवरा चेकबुक शोधतो. पण जरा विचार करा, या प्रयोगाने सिद्ध काय झालं? तुमची गादी मळलेली आहे एवढंच. कुठलंही धड यंत्र कुठल्याही गादीतून तेवढी धूळ काढेल. बघायचं असेल तर मागच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या हवेत काय आहे ते बघा. ते कुणी दाखवत नाही.

खरी मेख तिथेच आहे. जाड कचरा झाडूनेही निघतो. घातक असते ती बारीक धूळ, अडीच मायक्रॉनच्या आतली, जी छातीत खोलवर जाते आणि एकदा उडाली की तासन् तास हवेत तरंगत राहते. साध्या कापडी पिशवीचं यंत्र ही धूळ पुढून ओढतं आणि मागून घरभर फवारतं. म्हणून फिल्टर बघा. एच-१३ दर्जाचा खरा हेपा फिल्टर अडवायला सगळ्यात कठीण आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवतो. खोक्यावर "हेपासारखा" लिहिलेलं असेल तर ते "हापूससारखा" आंब्यासारखं समजावं. आणि फिल्टर उत्तम पण यंत्राच्या सांध्यांतून हवा गळते, तर काय उपयोग?

चाचण्यांचीही तीच गत. युरोपात या यंत्रांना सक्तीचं लेबल होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्यामागचा नियम रद्द केला, कारण चाचण्या रिकाम्या पिशवीने केल्या जात होत्या. रिकाम्या पिशवीने सगळेच शूर. पिशवी अर्धी भरल्यावर कोण टिकतं ते महत्त्वाचं.

आता जरा इतिहास. १९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने धूळ ओढणारं यंत्र केलं. ते घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि खिडकीतून लांबच लांब नळ्या आत जायच्या. श्रीमंतांच्या गालिच्यांसाठीचा तो थाट. पण हातात धरून घरात फिरवता येईल असं विजेवरचं यंत्र ज्याने चालतं केलं, तो अमेरिकेतल्या ओहायोमधल्या कँटन गावचा जेम्स मरे स्पँग्लर. एका दुकानात झाडलोट करणारा माणूस. त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने जीव नकोसा व्हायचा. १९०७ मध्ये त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःपुरता उपाय केला. १९०८ मध्ये पेटंट मिळालं, पुढे ते हूवर कुटुंबाकडे गेलं आणि नाव हूवरचं झालं.

म्हणजे हे यंत्र झाडणाऱ्या माणसाने, स्वतःच्या छातीसाठी केलेलं आहे. आणि आपण ते घेताना झाडणाऱ्या माणसाला सोडून सगळ्यांना विचारतो. दुकानदाराला, मेहुण्याला, इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांना.

विचारलं असतं तर काय कळलं असतं? मावशींच्या दोन वाक्यांत सगळी यादी होती. वजन हलकं हवं, रिकाम्या खोक्यात नव्हे, पिशवी-नळीसकट उचलून बघा. दांडा तिच्या उंचीला लांब करता यायला हवा, नाहीतर कंबर मोडते. वायर लांब हवी. आणि कचरा टाकताना धुळीचा लोट तोंडावर येता कामा नये. बिनपिशवीच्या यंत्राचा डबा ओतताना तो येतो. घरात दमेकरी असेल तर बंद होणारी, फेकून द्यायची कागदी पिशवी बरी. खर्च आहे, पण तो औषधांपेक्षा कमी.

आपल्या गावासाठी आणखी एक. धुता येणारा फिल्टर पूर्ण वाळायला एरवी दिवसभर लागतो. पनवेलच्या जुलैत तो तीन दिवसांतही वाळत नाही. ओला बसवला की बुरशीचा वास घरभर. तेव्हा जोडीला दुसरा फिल्टर घेऊनच ठेवा, आणि तो वर्षभराने मिळेल ना हे आधी विचारा. रांगोळी आणि सिमेंटची पूड यंत्राने ओढू नका, दोन्ही दगडाचीच जात, फिल्टर तुंबतो.

"मग रोबोच घ्यावा, कुणाला विचारायलाच नको," असंही एक जण म्हणाला. घ्या की. उंबरठा दोन सेंटिमीटरपेक्षा उंच असला की स्वारी अडते, चार्जरच्या वायरी गिळते आणि तिच्यात गुंतलेले केस काढायला शेवटी माणूसच लागतो. ते माणूस कोण, हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप जास्त लागट आहे. "अरे, तिच्या हातात द्यायचं म्हणजे मोडणार!" लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणतो. ती वर्षभर हातात धरणारीवर मात्र दहा हजारांच्या प्लास्टिकपुरताही विश्वास नाही. मोडलं तर मोडलं. वॉरंटी कशाला असते?

आमचं जुनं यंत्र शेवटी गेलं. नवं घेताना मावशींना दुकानात घेऊन गेलो. विक्रेता सगळं मलाच सांगत होता. मावशींनी दांडा हातात घेतला, चार पावलं ढकलला, यंत्र एका हाताने उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे नको, ते दाखवा." त्या 'ते'चे वॅट सगळ्यात कमी होते. निघताना मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मोडलं तर खर्च माझा. हे वाक्य खोक्यावर कुठेही लिहिलेलं नसतं, ते आपल्यालाच बोलावं लागतं.