खंडपीठ नको, जिल्हे बदला

भोपाळला उच्च न्यायालयाचे खंडपीठ हवे, या मागणीमागचे पहिले कारण ठरलेले: ही मध्य प्रदेशाची राजधानी आहे. केरळचे उच्च न्यायालय कोचीत, ओडिशाचे कटकला, छत्तीसगडचे बिलासपूरला. तिथल्या राजधान्यांचे काही अडलेले नाही. सचिवालय इथे, म्हणून न्यायालयही इथे, हे तर्कट तर उफराटेच. सरकार हाच सर्वांत मोठा पक्षकार. सचिवालयाच्या वल्लभ भवनातल्या अधिकाऱ्यांना फायली घेऊन उच्च न्यायालयाचे जबलपूर गाठावे लागते? गाठू द्या.

दुसरा दाखला भोपाळच्या वायुगळतीतल्या पीडितांचा. भोपाळच्या जिल्हा न्यायाधीशांनी डिसेंबर १९८७ मध्ये युनियन कार्बाइडला ३५० कोटींची अंतरिम भरपाई द्यायला सांगितले. एप्रिल १९८८ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली. पण तडजोड झाली १९८९ मध्ये, दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात. भोपाळात खंडपीठ असते तरी प्रकरण तिथेच गेले असते.

मग कोल्हापूरला २०२५ मध्ये सर्किट बेंच कसे मिळाले? तिथल्या सहा जिल्ह्यांना मुंबईखेरीज दुसरे दार नव्हते. भोपाळपासून मात्र इंदूरचे खंडपीठ दोनशे किलोमीटरच्या आत आहे. शिवाय खंडपीठाबरोबर न्यायाधीश आपोआप उगवत नाहीत. मध्य प्रदेश उच्च न्यायालयात मंजूर पदे ५३, तीही सगळी भरलेली असणे विरळाच. जन्मठेपेवरचे अपील दोघांनी मिळून ऐकायचे असते; ते दोघे जबलपूरच्याच बोर्डावरून उचलावे लागतील.

पक्षकाराचे हाल मात्र खरे आहेत, आणि त्यांचे मूळ १९५६ मध्ये आहे. त्या १ नोव्हेंबरला नागपूरचे उच्च न्यायालय मध्य प्रदेशाचे झाले, मुख्य पीठ जबलपूरला गेले, जुन्या मध्य भारत राज्यासाठी इंदूर आणि ग्वाल्हेरला पीठे राहिली. जिल्ह्यांची वाटणी झाली ती बरीचशी संस्थानी हद्दी धरून. विदिशा म्हणजे शिंद्यांचे भेलसा; भोपाळहून जेमतेम साठ किलोमीटर, पण तिथला पक्षकार अजून ग्वाल्हेरला जातो. सीहोर भोपाळच्या नवाबांचे, म्हणून जबलपूरकडे. सीहोर आहे भोपाळ-इंदूर रस्त्यावर. तिथल्या माणसाला इंदूरकडे पाठ फिरवून, भोपाळ ओलांडून, तीनशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला जावे लागते.

भोपाळ, सीहोर, विदिशा इंदूरला जोडा. इंदूरला इमारत आहे, वकील आहेत, ग्रंथालय आहे. बदलायचा आहे तो जिल्हे वाटून देणारा राष्ट्रपतींचा आदेश, आणि कामाच्या प्रमाणात थोडे न्यायाधीश तिकडे बसवायचे. जबलपूरचे वकील याला कडाडून विरोध करतील, कारण भोपाळची प्रकरणे त्यांच्या हातून जातील. करोत. त्यांच्या वकिलीचा प्रवासखर्च सीहोरच्या शेतकऱ्याने किती वर्षे सोसायचा?